दुकानात घमघमलेलं अत्तर घरी येऊन गप्प बसतं: काय तपासायचं आणि कोणत्या क्रमाने

वर्षातून साधारण तीनदा मला हे फोन येतात. पहिला पाडव्यानंतर, दुसरा गणपतीच्या सुमारास आणि तिसरा दिवाळी उलटून थंडी पडली की. माणसं बदलतात, तक्रार तीच. "अगं, दुकानात काय घमघमत होतं! घरी आणलं तर काहीच नाही. फसवलं बहुतेक मेल्यानं." गेल्या वेळी आत्या होती, त्याआधी मेहुणा.

मी अत्तराच्या धंद्यात नाही. ऋतू बदलला की दोन-तीन नव्या कुप्या आणायच्या, जुन्यांशी ताडून बघायच्या आणि वहीत लिहून ठेवायचं, हा बारा-तेरा वर्षांचा नाद आहे. त्यात स्वतःच्या कुप्या 'बिघडल्या' त्याहून जास्त नातेवाइकांच्या हाताखालून गेल्या. बहुतेक वेळा अत्तर शाबूत निघतं आणि दोष नाकाचा, कापडाचा, हवेचा किंवा कपाटाचा असतो. म्हणून भांडायला जाण्याआधी खालच्या क्रमाने जा. सोप्या आणि फुकटच्या गोष्टी आधी ठेवल्या आहेत.

लक्षणं

"वास येत नाही" एवढ्यावरून काही कळत नाही. तुमची तक्रार यातली नेमकी कोणती ते आधी ठरवा:

- दुकानात दरवळ, घरी अर्ध्या तासात गायब.
- तुम्हाला येत नाही, पण लिफ्टमधली शेजारीण विचारते, "काय लावलंय आज?"
- उन्हाळ्यात आवडलेलं अत्तर पावसाळ्यात कुबट वाटतं आणि थंडीत मुकं होतं.
- झाकण उघडल्यावर पहिला भपकारा टर्पेंटाइनसारखा किंवा जुन्या खवट तेलासारखा.
- कुपीत ढग, तळाशी वेगळा थेंब, किंवा थंडीत पांढरे कण.
- नाव तेच, दुकान तेच, पण दुसरी कुपी पहिलीसारखी नाही.
- लावलेल्या जागी खाज, लाली, पुरळ, काळसर डाग. ही तक्रार असेल तर मधलं सगळं सोडा आणि थेट शेवटच्या भागाकडे जा.

१. आधी नाक

हे सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जास्त वेळा सापडणारं कारण आहे. एकच वास सतत येत राहिला की नाक त्याची दखल घेणं थांबवतं. उदबत्तीच्या कारखान्यात काम करणाऱ्याला उदबत्तीचा वास येत नाही, तसंच. अत्तर मनगटावर किंवा छातीशी लावलं की ते दिवसभर नाकाखालीच असतं. अर्ध्या तासाने ते गेलं असं तुम्हाला वाटतं, खरं तर नाकाने त्याला हजेरीपटावरून काढलेलं असतं.

दुकानात उलटं होतं. रमजानात मोहम्मद अली रोडवर मिनारा मशिदीच्या आजूबाजूला अत्तराची दुकानं बघत फिरलात तर कळेल. दुकानदार आनंदाने एकामागून एक कुपी उघडतो, दोन्ही हातांच्या पालथ्या बाजूंवर रेघा ओढतो. चौथ्या-पाचव्यानंतर नाक थकतं आणि तुम्ही जे हुंगता त्यात निम्मं दुकानच असतं. तिथल्या हवेत, लाकडी फळ्यांत, दुकानदाराच्या कुर्त्यात वर्षानुवर्षांची अत्तरं मुरलेली असतात. घरी येते ती एकटी कुपी. दुकान येत नाही.

तपासणी: जुन्या धुतलेल्या सुती रुमालाच्या कोपऱ्यावर एक थेंब लावा, रुमाल झाकणाच्या स्टीलच्या डब्यात ठेवा आणि वीस मिनिटं बाहेर चक्कर मारून या. परत आल्यावर डबा उघडा. घरात तेव्हा नसलेल्या माणसालाही हुंगायला द्या. दोघांना वास आला तर अत्तर ठीक आहे, विषय संपला. दुकानात वाटीभर कॉफीच्या बिया ठेवलेल्या असतात, त्या हुंगून नाक ताजं होतं हा गोड समज आहे. साधी हवा घेतली तरी तेवढाच फायदा होतो. स्वतःच्या कोपराचा खळगा हुंगा, तोही फुकट.

इथे एक वेगळी भानगड आहे. काही माणसांना ठरावीक रेणूंचा वास जन्मतःच येत नाही किंवा फार कमी येतो, बाकी नाक उत्तम असतं. कृत्रिम कस्तुरीच्या काही प्रकारांत हे बरंच दिसतं. माझ्या मेहुण्याचं असंच निघालं. त्याची 'कस्तुरी' घरातल्या सगळ्यांना येत होती, त्यालाच नाही. त्याला गुलाब दिला, प्रश्न मिटला. (आणि हो, कुपीवरची कस्तुरी हरणाची नसते. कस्तुरीमृगाला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे. कोणी 'असली' म्हणून विकत असेल तर तो एक तर खोटं बोलतोय, नाहीतर गुन्हा करतोय.)

२. कुठे लावताय

घामावर, टाल्कम पावडरीवर किंवा सुवासिक साबणाच्या ताज्या थरावर अत्तर लावलं की तिघांची खिचडी होते. आंघोळीनंतर अंग पुसून पाच मिनिटं थांबा, मग लावा. कोरड्या त्वचेवर अत्तर लवकर उडतं, विशेषतः थंडीत. खोबरेल तेलाचं किंवा व्हॅसलीनचं अगदी पुसट बोट आधी फिरवलं तर फरक जाणवतो. खोबरेल तेल बिनवासाचं घ्या, नाहीतर मोगऱ्याऐवजी नारळवडी.

मनगटं एकमेकांवर घासू नका. रेणू तुटतात वगैरे काही नाही, पण घर्षणाने ऊब येते आणि वरचा हलका वास लगेच उडून जातो.

आजोबांच्या पिढीचा फाया हा यावरचा सगळ्यात हुशार उपाय आहे. कापसाचा बारीक बोळा अत्तरात टेकवून कानाच्या वरच्या घडीत खोचायचा. कापूस तेल धरून ठेवतो, कानाची ऊब ते हळूहळू सोडते, आणि नाकाच्या थेट खाली नसल्याने नाक थकत नाही. ऑफिसात लाज वाटत असेल तर सदऱ्याच्या खिशाच्या आतल्या शिवणीत खोचा. पैठणीवर, पांढऱ्या कुर्त्यावर, सिल्कवर थेट लावू नका. हिना आणि मसाल्यांचं शमामा ही गडद अत्तरं डाग पाडतात आणि तो डाग निघत नाही. याला माझ्याकडे इलाज नाही, फक्त एक वाया गेलेली साडी आहे.

दवण्याचं अत्तर मात्र दोन माणसांच्या अंगावर दोन तऱ्हेचं येतं, अशी त्याची अत्तरवाल्यांत ख्यातीच आहे. चैत्रात जोतिबाला दवणा वाहतात, तोच हा. मैत्रिणीच्या हातावर फळासारखा गोड आला म्हणून घेतलात आणि तुमच्या हातावर काढ्यासारखा आला, तर तो बिघाड नव्हे. स्वतःच्या हातावर लावून, तासभर फिरून, मगच पैसे द्या.

३. ऋतू

पहिल्या दोन तपासण्यांत उत्तर सापडलं नाही तर बहुतेक इथे सापडतं.

वास म्हणजे हवेत उडालेले रेणू. ऊन वाढलं की ते जास्त उडतात, थंडीत कमी. पुण्यात एप्रिलच्या दुपारी पारा ३८-४० वर असतो आणि डिसेंबरच्या पहाटे १०-१२ वर. त्याच कुपीने दोन्ही वेळी सारखंच बोलावं ही अपेक्षाच चूक. मोगऱ्यातले पुष्कळसे रेणू हलके, चटकन उडणारे असतात. चंदनातला सँटॅलॉल जड असतो, तो रेंगाळतो. अत्तरवाल्यांची जुनी वाटणी यातूनच आली असणार. उन्हाळ्यात वाळा, गुलाब, मोगरा, केवडा, मिट्टी (मातीचं अत्तर). थंडीत हिना, शमामा, केशर, ऊद (अगरूच्या लाकडाचं), अंबर. मे महिन्यात मुंबईच्या लोकलमध्ये शमामा लावून चढलात तर आजूबाजूच्यांचे चेहरे बघा. तेच शमामा जानेवारीत स्वेटरखाली लावलं की कुणीतरी दुलई पांघरल्यासारखं वाटतं.

म्हणून "थंडीत मोगरा मुका झाला" ही तक्रार आली की मी कुपी कपाटात परत ठेवायला सांगते आणि चैत्रात पुन्हा फोन करायला सांगते. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला हाताच्या पालथ्या बाजूवर अत्तराची काडी फिरवतात आणि वरून गुलाबदाणीतून गुलाबपाणी शिंपडतात, तेव्हा तोच मोगरा खोलीभर होतो. बाहेर ऊन, अंगावर पाण्याचे थेंब, हातात भिजवलेले हरभरे आणि पन्ह्याचा पेला. पुन्हा फोन सहसा येत नाही.

गजऱ्यासारखा येत नाही ही तक्रार मात्र रास्त असली तरी तिच्यावर उपाय नाही. तोडलेली कळी संध्याकाळी उमलताना वास सोडत असते, ते जिवंत काम आहे. फुलं पाण्यात घालून उकळली की त्यातलं काही हरवतं, काही बदलतं. मोगऱ्याचं अत्तर हे मोगऱ्याचं चित्र आहे, गजरा नव्हे. गजरा हवा तर गजरा घ्या, तो स्वस्तही पडतो.

पावसाळ्याचं कोडं सगळ्यात मजेदार. "वाळा कुबट झाला", "मिट्टी अत्तराला बुरशी आली" असे फोन आषाढ-श्रावणात येतात. यात दोन गोष्टी एकत्र येतात. पहिली म्हणजे कपडे. चार दिवस दोरीवर न वाळलेला, इस्त्रीने कसाबसा सुकवलेला सदरा स्वतःच कुबट असतो. अत्तर लावल्यावर आपण मुद्दाम नाक लावून हुंगतो आणि दोष अत्तराला देतो. खडखडीत वाळलेल्या रुमालावर तोच थेंब लावून बघा.

दुसरी गोष्ट अत्तराचीच आहे. पहिल्या पावसाच्या वासाला पेट्रिकोर हे नाव बेअर आणि थॉमस या दोन शास्त्रज्ञांनी १९६४ साली 'नेचर' नियतकालिकात दिलं. त्या वासात जिओस्मिन नावाचा, मातीतल्या सूक्ष्मजीवांनी बनवलेला पदार्थ असतो, आणि माणसाचं नाक त्याला विलक्षण तिखट आहे, अगदी कणभरही ओळखतं. पण कोरड्या हवेत हाच वास 'पहिला पाऊस' वाटतो आणि ओल्या, बंद खोलीत 'ओल आली' वाटतो. वाळ्याचंही तसंच, ते शेवटी मूळच. माठात वाळ्याची जुडी टाकतात ती वैशाखात, कारण तेव्हा त्या मातकट ओलाव्याची तहान असते. श्रावणात ओल आधीच भिंतीत आहे. शिवाय बाहेर खरी माती भिजलेली असताना मिट्टी अत्तर हुंगणं म्हणजे लग्नाच्या पंगतीत घरून डबा नेणं. मिट्टी अत्तर पाऊस यायच्या आधी लावायचं असतं, उन्हाने जीव कासावीस झाला असताना.

पावसाळ्यात मी केवड्याकडे वळते. गणपतीच्या दिवसांत बाजारात केवड्याची कणसं येतात, ओडिशातल्या गंजाममध्येही केवड्याचा मुख्य हंगाम पावसाळ्याचाच. त्याचा वास धारदार असतो, दमट हवेला कापत जातो. एका थेंबाचाही अर्धाच घ्या. डोकं दुखलं तर तक्रार माझ्याकडे आणू नका.

तुलना कशी करायची तेही इथेच सांगते, कारण "गेल्या वर्षीचं जास्त छान होतं" ही अर्धी तक्रार आठवणीच्या दोषाची असते. वासाची आठवण दाट असते, पण मापाला भरवशाची नाही. एका वेळी तीनच अत्तरं घ्या, एकाच दिवशी. चित्रकलेच्या जाड कागदाच्या पट्ट्या कापा, टोकावर पेन्सिलने नाव लिहा (शाईचा वास मधे येतो), प्रत्येकीवर एक थेंब. पाच मिनिटांनी, तासाने, सहा तासांनी आणि दुसऱ्या दिवशी सकाळी हुंगा आणि प्रत्येक वेळी एक ओळ लिहा. वर तारीख आणि हवा, एवढंच: 'कोरडी, कडक ऊन' किंवा 'दमट, पाऊस'. दोन वर्षांत ही वही कुठल्याही दुकानदारापेक्षा शहाणी होते. माझ्या वहीत एका वाळ्यासमोर जुलैत "शेवाळ" आणि एप्रिलमध्ये "देवघराची फरशी" असं लिहिलेलं आहे. कुपी एकच.

४. काडी, बूच आणि झाकण

काचेची काडी अंगाला लावून तशीच कुपीत परत घातली की घाम, पावडर, त्वचेचं तेल आत जातं. रोल-ऑनच्या गोळीचं तेच. महिना-दोन महिन्यांत वरच्या थराला खवट वास येऊ लागतो आणि तुम्ही म्हणता, अत्तर खराब झालं. गोळी किंवा काडी काढून कोरड्या कापडाने पुसून हुंगा. खवटपणा तिथेच असेल तर अत्तर ड्रॉपरने स्वच्छ, पूर्ण कोरड्या काचेच्या कुपीत काढून घ्या. रबरी फुगा कुपीवर कायमचा लावून ठेवू नका, रबर तेलात विरघळून चिकट होतं. खर्च: एक कुपी, एक ड्रॉपर.

५. ठेवण्याची जागा

उजेड, उष्णता आणि हवा हे अत्तराचे तीन शत्रू. खिडकीतलं शोकेस, बाथरूमचं कपाट, गाडीचा डॅशबोर्ड या तिन्ही जागा बाद. लिंबू-संत्र्याच्या अंगाची अत्तरं हवेशी संयोग होऊन सगळ्यात आधी बिघडतात आणि तो टर्पेंटाइनसारखा पहिला भपकारा बहुधा तिथूनच येतो. दहा मिनिटांनी तो भपकारा जाऊन खालचा वास नीट आला तर अत्तर कापडापुरतं वापरता येईल. अंगाला मात्र लावू नका, कारण असे हवेने बिघडलेले घटक त्वचेला त्रास देतात. दहा मिनिटांनीही तसाच राहिला तर कुपी गेली, दुरुस्ती नाही.

अर्धी रिकामी मोठी कुपी लहान कुपीत ओता, म्हणजे आत हवा कमी राहील. नुसता रंग गडद झाला म्हणून घाबरू नका. व्हॅनिला असलेली मिश्रणं काळानुसार तपकिरी होतातच. आणि देगेतून, म्हणजे अर्क काढायच्या तांब्याच्या भांड्यातून, आलेल्या रूह खसला (वाळ्याच्या शुद्ध अर्काला; रूह म्हणजे बेस न मिसळलेला अर्क) हिरवट झाक असते ती तांब्याची, भेसळीची नव्हे.

६. ढग, थेंब, कण

थंडीत गुलाबाच्या रूहमध्ये पांढरे कण दिसले किंवा ती चक्क गोठली, तर आनंद माना. गुलाबाच्या खऱ्या तेलात मेणासारखे पदार्थ असतात, ते २० अंशांच्या आसपास आणि त्याखाली गोठू लागतात. कुपी मुठीत धरा किंवा कोमट पाण्याच्या वाटीत उभी करा. गॅसवर, मायक्रोवेव्हमध्ये, निरांजनाशेजारी नाही. पाच मिनिटांत पातळ होईल.

ढग असेल तर तो बहुधा पाण्याचा. उत्तर प्रदेशातल्या कन्नौजची, अत्तरांच्या गावाची, रीत बघितली की कारण कळतं. तांब्याच्या देगेत फुलं आणि पाणी, तोंड मातीने लिंपलेलं, खाली आग. वाफ बांबूच्या चोंग्यातून शेजारच्या भपक्यात येते. भपका पाण्याच्या हौदात बसवलेला आणि त्यात आधीच चंदनाचं तेल असतं. वाफ थंड होते, सुगंध चंदनात मुरतो, पाणी वेगळं काढून टाकतात, दुसऱ्या दिवशी पुन्हा नवी फुलं. असे बरेच दिवस. शेवटी तेलात थोडं पाणी उरतंच. पूर्वी यासाठी उंटाच्या चामड्याच्या कुप्प्या असत, त्यातून ओलावा हळूहळू बाहेर जाई. आता घाईत भरलेल्या काचेच्या कुपीत तो ढग होऊन राहतो.

कुपी दोन-तीन दिवस न हलवता उभी ठेवा. चंदनतेल पाण्यापेक्षा किंचित हलकं असतं, त्यामुळे पाणी तळाशी जमेल. ड्रॉपरने वरचं तेल काढून घ्या, तळाचा थेंब टाकून द्या. हे काम मी आत्याच्या हिन्यावर केलं होतं, एका तोळ्यातून अर्ध्या चमच्याहून कमी पाणी निघालं आणि वास उघडला.

७. बेस (ज्या तेलात सुगंध मुरवलेला असतो ते) तपासणं

वरच्या सगळ्यातून गेल्यावरच संशय दुकानावर घ्या. आधी साधा हिशेब. खऱ्या चंदनतेलाचा किलोचा भाव लाखांत आहे. लाखच धरला तरी दहा ग्रॅम तेल हजार रुपयांचं, फुलं आणि मजुरी वेगळी. मग दीड-दोनशे रुपयांना तोळाभर, म्हणजे ११.६६ ग्रॅम, 'चंदन बेसवाला गुलाब' कसा मिळेल? त्यात बिनवासाचं वाहक द्रव्य असतं: लिक्विड पॅराफिन, डीईपी (डायइथाइल थॅलेट हे कृत्रिम द्रव्य), ग्लायकॉल वगैरे. मला त्यात गुन्हा दिसत नाही, भाव तसा घेतला आणि नाव तसं सांगितलं तर. आंबा, कलिंगड, चॉकलेट अशी नावं असतील तर ते सरळ रचलेलंच आहे, त्यात रूह शोधू नका.

घरी दोन परीक्षा करता येतात. त्या काय सांगतात यापेक्षा काय सांगत नाहीत ते जास्त लक्षात ठेवा.

कागदाची: पट्टीवर थेंब टाका, दुसऱ्या दिवशी बघा. तेलकट डाग तसाच आणि वास शून्य, तर बेस बिनवासाच्या जड तेलाचा. डाग आहे आणि मंद लाकडी गोडवाही आहे, तर चंदनाची शक्यता. शक्यताच, कारण चंदनासारखी कृत्रिम द्रव्यंही चिवट असतात.

पाण्याची: ग्लासभर पाण्यात एक थेंब. सरळ तळाला गेला तर डीईपीसारखं जड द्रव्य असावं. दुधाळ होऊन विरघळला तर पाण्यात मिसळणारा बेस. तरंगला तर चंदन असू शकतं आणि पॅराफिनही असू शकतं, दोन्ही पाण्यापेक्षा हलकी. लवंगेचं तेल मात्र पाण्यापेक्षा जड असतं, म्हणून मसाल्याचं शमामा बुडालं तर लगेच पोलिसांत जाऊ नका.

थेंब पेटवून बघण्याची तिसरी परीक्षा लोक सांगतात. तिच्यातून काहीही सिद्ध होत नाही, फक्त बोट भाजतं.

८. दुसरी कुपी वेगळी का

खरं फुलांचं अत्तर असेल तर दर हंगामात थोडा फरक पडणारच. एक किलो गुलाबतेलाला साधारण तीन ते पाच टन फुलं लागतात. ती कोणत्या आठवड्यात खुडली, पाऊस अवेळी आला का, यावर वास हलतो. आंब्याच्या दोन वर्षांच्या पेट्या तरी कुठे सारख्या निघतात? दर वर्षी अगदी तंतोतंत सारखं येणारं स्वस्त अत्तर बहुधा रचलेलं असतं. फरक खटकत असेल तर जुन्या कुपीतला मिलीलीटरभर नमुना राखून ठेवा, तो घेऊन दुकानात जा आणि दोन पट्ट्या शेजारी धरून दुकानदारालाच हुंगायला लावा. "आधीचं छान होतं" या वाक्यावर तो हसेल, पट्टीवर हसता येत नाही. कुपी बदलून माझ्या अनुभवात अशीच मिळते.

आता थांबा

त्वचा: खाज, लाली, पुरळ, फोड आले तर अत्तर धुऊन टाका आणि पुन्हा 'बघू या' म्हणून लावू नका. दोन दिवसांत ओसरलं नाही, पसरलं, किंवा डोळ्याजवळ असेल तर त्वचारोगतज्ज्ञाकडे जा आणि कुपी सोबत न्या. बर्गमोटसारखी लिंबूवर्गीय तेलं लावून उन्हात गेल्यावर त्वचेवर काळसर पट्टे उठू शकतात. त्यावर घरी बेसन-हळद चोळत बसू नका. नवं अत्तर कोपराच्या खळग्यात लावून दोन दिवस वाट बघायची सवय ठेवा. तान्ह्या बाळाला अजिबात लावू नका, बारशाला पाहुण्यांनी कितीही आग्रह केला तरी.

नाक: अत्तरच काय, फोडणी, लसूण, कॉफी, कशाचाच वास येत नसेल आणि सर्दी जाऊनही दोन आठवड्यांत परतला नसेल, तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जा. गॅस गळला तर तुम्हाला कळणार नाही, हे लक्षात घ्या. सगळे वास अचानक सडके किंवा जळके येऊ लागले तरी तेच.

श्वास: घरात कुणाला दमा असेल आणि अत्तराने धाप लागत असेल तर तपासणी वगैरे काही नाही. कुपी घराबाहेर, माणूस डॉक्टरकडे.

पोटात गेलं तर: मुलाने कुपी तोंडाला लावली तर उलटी करवू नका, कुपी घेऊन लगेच रुग्णालय गाठा. आणि बासुंदीत, बिर्याणीत अत्तराचा थेंब टाकू नका. खाण्याचं केवडापाणी आणि गुलाबपाणी वेगळं मिळतं, त्यावर तसं लिहिलेलं असतं.

पैसा: हजार-दोन हजारांच्या कुपीसाठी प्रयोगशाळा परवडत नाही. पण लग्नासाठी, धंद्यासाठी किंवा नादापायी मोठी रक्कम घालून रूह किंवा ऊद घेत असाल, तर घरगुती परीक्षांवर विसंबू नका. भेसळ खात्रीने कळते ती गॅस क्रोमॅटोग्राफीने, म्हणजे तेलातले घटक वेगवेगळे करून मोजणाऱ्या प्रयोगशाळेतल्या तपासणीने. कन्नौजला १९९१ साली सुरू झालेलं सरकारी सुगंध व सुरस विकास केंद्र आहे, तिथे अशी तपासणी होते. पैसे देण्याआधी नमुना मागा. नमुना द्यायला जो तयार नाही त्याच्याकडची कुपी, वास कितीही आवडला तरी, मी घेत नाही. एकदा घेतली होती, ऊद म्हणून. आठही तपासण्या झाल्या, नाक ठीक, कापड ठीक, ऋतू ठीक. ती आता गाडीत ठेवली आहे, डॅशबोर्डवर, उन्हात.